कानाला लावायचा फोन

फोन ही बघायची वस्तू आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. वाद घालायला समोरच्याला थोडी तरी अक्कल असावी लागते, आणि ती असती तर तो तळहाताएवढ्या काचेत डोळे खुपसून रस्त्याने चाललाच नसता. फोन कानाला लावतात. पलीकडून माणूस बोलतो, आपण ऐकतो. मी आयुष्यभर हेच काम केलं. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, डोक्याला हेडफोन लावून. सर्जनपासून शवागारापर्यंत सगळ्यांना मी जोडून दिलं. त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत, आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही. उलट एखादा बडा डॉक्टर कॅन्टीनमध्ये बोलताना ऐकू आला आणि मी मान वळवून पाहिलं, की निराशाच व्हायची. आवाज केवढा भारदस्त, आणि प्रत्यक्षात हा एवढासा, टवके उडालेल्या कपात बिस्कीट बुडवून ते पडलं म्हणून हळहळणारा.

मी निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या जागी एक यंत्र बसवलं. ते यंत्र 'हृदयरोग विभागासाठी तीन दाबा' असं सांगतं. ज्याच्या छातीत कळ येतेय त्याने आता आकडे दाबत बसायचं. याला सुधारणा म्हणतात. असो.

घरात मी एकटीच. लग्न केलं नाही, त्याचा पश्चात्तापही नाही. भिंतीजवळच्या स्टुलावर जुना तारेचा फोन होता आणि रोज दुपारी, जेवणाची भांडी घासून झाली की तो वाजायचा. तो ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून ती लांबच्या शहरात लेकीकडे राहते. ताई बोलायची आणि मी ऐकायचे. जावई रात्रभर कसा घोरतो, वरच्या मजल्यावरची बाई धुणं कसं मुद्दाम हिच्या खिडकीवर ठिबकवते, लेकीने भाजीत मीठ घालायचं कसं सोडूनच दिलंय. ताईचं बोलणं म्हणजे उघडा नळ. मला ते फार आवडायचं. हा माझा दिवसातला एकच फोन. बाकी जगाला माझ्याशी काही बोलायचं नव्हतं आणि मला जगाशी.

थंडी सरता सरता ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. आता ते परत यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. भाचीने मला हे रडत रडत सांगितलं. मी तिला म्हटलं, डॉक्टरांचं मला नको सांगूस. लाइन लागली की नाही हे बघताना पहिलं वाक्य आमच्या कानावर पडायचंच, आणि नातेवाइकांना छातीठोकपणे सांगून आलेले हे महाभाग दुसऱ्या डॉक्टरला फोन लावून 'अरे, यात काय करतात रे?' असं विचारायचे, हे मी या कानांनी ऐकलंय.

त्यानंतर भाची रोज दुपारी फोन लावायची आणि रिसीव्हर ताईच्या तोंडाशी धरायची. "आई, मावशी आहे." मी म्हणायचे, "ताई, बोल." पण आमच्या लाइनवर तेव्हा खरखर सुरू झाली होती. रस्त्याखाली कुठेतरी तारेचा जोड सडला होता. त्या खरखरीच्या आड मला काहीतरी ऐकू यायचं. शब्द नव्हेत, पण शब्दांची सुरुवात असावी असं काहीतरी. भाची म्हणायची, "नाही गं मावशी, आई काहीच बोलत नाहीये." मला तिची कीव यायची. त्या घरात ऐकणाऱ्याचा कान कुणालाच नाही. ताई बोलत होती. अर्धंमुर्धं, तुटक, पण बोलत होती, आणि माझ्यावाचून ते कुणाला कळणार नव्हतं.

मी टेलिफोन कंपनीच्या कार्यालयात गेले. खिडकीमागची बाई नखं बघत म्हणाली, "तारेचे फोन आम्ही आता दुरुस्त करत नाही, आजी. काढून घेतो." आणि खरंच, पुढच्याच आठवड्यात कुदळी घेऊन माणसं आली, फुटपाथ उकरला आणि माझा फोन कायमचा मुका झाला. मला जाऊन भेटता आलं असतं तर मी फोनच्या नादाला लागलेच नसते. पण माझा खुबा बदललाय आणि एवढा लांबचा प्रवास बंद आहे. भाची मधे एकदा म्हणाली होती की आई हल्ली प्रयत्नसुद्धा कमी करते. मला घाई होती ती त्याची. ताईने कायमचं गप्प व्हायचं ठरवण्याआधी ती काय म्हणते आहे ते मला ऐकायचं होतं. त्यासाठी मला फोन हवा होता, हौस म्हणून नव्हे.

आता या कामात मला मदत करायला कोण पुढे यावं? समोरच्या दारातले साहेब.

साहेब बँकेच्या शाखेचे प्रमुख होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कुणाशीही बोलताना समोरचा कर्ज मागायला आलाय अशाच थाटात बोलतात. त्यांच्याकडे भला मोठा फोन आहे, आणि तो खिशात मावत नाही म्हणून ते हातात धरून हिंडतात. त्यावर ते काय करतात? सकाळी उठून फुलांचे फोटो लोकांना पाठवतात. लोक त्यांना उलट दुसऱ्या फुलांचे फोटो पाठवतात. याखेरीज पावलं मोजतात. जिना उतरून कोपऱ्यावर जाऊन आले की फोन बघून बायकोला आकडा सांगतात, आणि ती बिचारी दरवेळी "हो का?" म्हणते. सहनशक्तीचं बक्षीस असतं तर त्या बाईच्या घरात ठेवायला जागा उरली नसती.

माझा फोन बंद पडल्यापासून भाचीला निरोप द्यायला मला यांचंच दार वाजवावं लागत होतं. याहून मोठा पाणउतारा मला आठवत नाही. साहेब फोन लावून द्यायचे आणि बाजूला व्हायचं सोडून तिथेच उभे राहायचे. दोन माणसांची लाइन जोडून दिली की आपण त्यातून निघायचं असतं, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. साहेबांना ती कुठून असणार? ते मधेच तोंड घालून भाचीला सांगायचे, "आईला रोज अक्रोड द्या!"

एकदा ते म्हणाले, "व्हिडिओ लावू का? बहीण दिसेल तुम्हाला."

"नको," मी म्हणाले.

"अहो, काही पैसे पडत नाहीत त्याला."

 माझी बहीण अंथरुणात पडलेली, तोंड वाकडं झालेलं, आणि ती मी या माणसाच्या हातात, याच्या खांद्यावरून बघायची? मी तडक घरी निघून आले.

भाचीचाही घोशा तोच. "मावशी, मोठ्या स्क्रीनचा घे गं. आई आता बोलत नाही, हे तू मनावर का घेत नाहीस? निदान एकमेकींना बघाल तरी."

"बघायचंय काय त्यात? मी काय तिला ओळखत नाही?"

"तसं नाही गं..."

"मला नीट ऐकू येईल असा फोन हवा. बाकी मला शिकवू नकोस."

शेवटी एका सकाळी मी दुकानात जायला निघाले. साहेब जिन्यातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बोलावलेलं नव्हतं. "एकट्या बाईला बघून हे लोक टोपी घालतात," ते म्हणाले. मला कोण टोपी घालणार, असं मी विचारणार होते, पण माझं सिमकार्ड यांच्याच ओळखीने लवकर मिळालं होतं, तेव्हा गप्प बसले.

दुकान म्हणजे नुसता लखलखाट. डॉक्टरांच्या ऑपरेशनच्या खोलीतही एवढे दिवे नव्हते. टेबलांवर ओळीने फोन मांडलेले, प्रत्येकाला मागून साखळी. आणि त्या टेबलांभोवती माणसं, प्रत्येकजण पडद्यावर बोट फिरवतोय, मोठं करतोय, लहान करतोय, आपलाच फोटो काढून त्याकडे कौतुकाने बघतोय. एकाही माणसाने फोन कानाला लावलेला नव्हता. एकानेही नाही! भांड्यांच्या दुकानात जाऊन लोक नुसते झाकणांना हात लावून परत येतात असं कधी पाहिलंय?

आमच्यापाशी एक सेल्समन आला. चांगला बाप्या माणूस, कानांवरचे केस पिकायला लागलेले, पण अंगात कंपनीचा भडक केशरी टी-शर्ट. या वयाच्या माणसाला असे कपडे घालायला लावणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही कोण जाणे.

"बोला आजी, वापर काय आहे तुमचा?"

"बहिणीशी बोलायचं."

"ते सगळ्यांतच होतं. त्याशिवाय?"

"त्याशिवाय काही नाही."

 मग त्याने साहेबांकडे पाहिलं, घरात कोणी शहाणं माणूस आहे का अशा नजरेने. साहेबांना तेवढंच हवं होतं. "यांचा वापर अगदी कमी आहे," साहेब पुढे सरसावून म्हणाले, "पण उद्या वाढेल. एकदा गोडी लागली की वाढतोच. तेव्हा मेमरी भरपूर असलेला दाखवा."

सेल्समनने मग पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. कॅमेरा असा, अंधारात फोटो तसा, बॅटरी इतकी, पडद्याचे रंग तितके. एका फोनला मागे चार कॅमेरे होते. माझ्या बहिणीला मला एकाच वेळी चार बाजूंनी दाखवायचंय की काय? मी विचारलं, "आवाज कसा आहे?"

"एकदम लाउड! गाणी ऐकून बघा." आणि त्याने एक फोन टेबलावर ठेवून धडामधुडूम काहीतरी सुरू केलं. बाजूची माणसं माना डोलवायला लागली.

"बंद करा ते," मी म्हणाले. "माणसाचा आवाज कसा येतो ते विचारतेय मी. कानात."

"चांगला येतो की. सगळ्यांत चांगलाच येतो."

"तुम्ही ऐकलाय?"

त्याने ऐकला नव्हता. एवढे फोन रोज विकणारा माणूस, आणि फोनवरचा माणसाचा आवाज त्याने कधी कान देऊन ऐकलाच नव्हता. मी पर्समधून सिमकार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे यात घाला. मग तुम्ही तुमचा फोन घेऊन बाहेर रस्त्यावर जा आणि मला लावा."

"बाहेर कशाला?"

"इथे तुमचा आवाज मला असाच ऐकू येणार. बाहेर जा, बस थांबते तिथे. आणि मोठ्याने बोलायचं नाही. पुटपुटायचं."

"काय पुटपुटू?"

"काहीही. शब्द नकोत. झोपेत माणूस बोलतो तसं."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि ते चार पावलं लांब जाऊन टीव्ही बघत असल्यासारखं दाखवू लागले. पण सेल्समन गेला. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून ही माणसं काय वाटेल ते करतील. काचेतून मला तो दिसत होता, बसच्या रांगेशेजारी केशरी टी-शर्ट घालून, तोंडावर हात धरून पुटपुटणारा. रांगेतल्या एका बाईने आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि थोडी सरकून उभी राहिली.

पहिल्या फोनमध्ये तो डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. दुसऱ्यात शब्दांच्या कडा चिरत होत्या. चार कॅमेरेवाला तर सगळ्यांत वाईट निघाला. त्यात आवाज स्वच्छ यायचा, पण सेल्समन अगदी हळू पुटपुटला की मधेच सगळं कापलं जायचं, जणू तो मेलाच. तो परत आला तेव्हा मी विचारलं, हे काय?

"ते फीचर आहे, मॅडम," तो म्हणाला. आजीची आता मॅडम झाली होती. "आजूबाजूचा नको असलेला आवाज तो आपोआप काढून टाकतो."

"नको असलेला हे कोण ठरवणार?"

"फोनच ठरवतो."

म्हणजे माझी बहीण मोठ्या कष्टाने काहीतरी उच्चारणार, आणि हे डबडं त्याला कचरा समजून फेकून देणार. मी तो फोन दोन बोटांनी लांब सरकवला. असले फोन घ्यायला लोक रांगा लावतात. त्यांना एकमेकांचं ऐकायचं नसतंच मुळी, त्यांची सोय उत्तम झाली आहे.

असे बरेच फोन झाले. सेल्समन बाहेर जात होता, येत होता, त्याची पाठ घामाने भिजली. दुकानातले दोघं-तिघं तमाशा बघायला जमले. एकाने मला विचारलं, "आजी, कानाचा त्रास आहे का?" मी म्हणाले, "नाही, अकलेचा आहे, पण तो मला नाही." तो गेला.

शेवटी खालच्या फळीवर, चार्जरच्या खोक्यांमागे मला एक फोन दिसला. जाडजूड, कडांना काळं रबर, पडदा अगदी लहान. मी तो मागितला तर सेल्समनचा चेहरा पडला. "मॅडम, हा बांधकामावरच्या लोकांसाठी आहे. पडला तरी फुटत नाही म्हणून घेतात. कॅमेरा यथातथाच आहे याचा."

"यंत्रांच्या खडखडाटात माणसाला ऐकू यावं म्हणून बनवलाय ना?"

"हो, पण..."

"बाहेर जा."

तो गेला. त्याने फोन लावला, मी कानाला धरला, आणि मला बरं वाटलं. खूप दिवसांनी एवढं बरं वाटलं. तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्यासारखा ऐकू येत होता. त्याचा श्वास, त्याच्या शर्टाचं खसखसणं, मागे उघडणारं बसचं दार, सगळं आपापल्या जागी. तो पुटपुटत होता, आणि शब्द नकोत म्हणून सांगूनही त्यात शब्द होते. "या म्हातारीने आज जीव नकोसा केलाय," असं तो अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाला. मला प्रत्येक अक्षर कळलं.

"हाच द्या," तो आत आल्यावर मी म्हणाले, "आणि जीव सांभाळा." तो कानापर्यंत लाल झाला. मग मात्र त्याने कव्हर, काच, विमा यांतलं काहीही माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही.

परतीच्या वाटेवर साहेब फुरंगटून चालत होते. कोपऱ्यावर त्यांनी तोंड उघडलं. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही चूक केलीत. बहिणीला वाचा नाही, आणि तुम्ही फोन घेतलात आवाजाचा. आंधळ्याला आरसा भेट दिल्यासारखं झालं हे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "तुमची पावलं मोजा."  तरी संध्याकाळी ते आले आणि फोनमध्ये काय काय घालायचं ते घालून गेले, व्हिडिओचं सुद्धा. भाचीनेच त्यांना सांगितलं होतं. कुणाचं तोंड धरावं आणि कुणाचं सोडावं!

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासून झाली, मी हात पुसले आणि खुर्चीत बसले. फोन मांडीवर. वाजला. भाचीचं नाव दिसत होतं. मी हिरव्या गोलाला बोट लावलं, ते घसरलं, परत लावलं, आणि फोन कानाशी नेला.

"मावशी!" भाची एवढ्या जवळून बोलली की मी दचकलेच. "अगं, कान दिसतोय नुसता! व्हिडिओ आहे हा. फोन समोर धर."

"मला ऐकायचंय. ताईला दे."

"आई शेजारीच आहे. तू समोर धर ना, ती वाट बघतेय."

"तिच्या डाव्या हातात फोन दे आणि तू बाजूला हो. मधे बोलू नकोस."

भाचीने सुस्कारा टाकला, तो मला ऐकू आला. मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज. उशीची खसखस. खाटेची कुरकुर. मी डोळे मिटून घेतले. तिकडच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तेही आलं. एवढी स्वच्छ लाइन मी नोकरीतही कधी ऐकली नव्हती.

"ताई," मी म्हणाले, "बोल."

श्वास आला. आत, बाहेर.

"सावकाश बोल. मला कळेल. बोल, ताई."

परत श्वास. मी थांबले. भाची म्हणते तसं नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी थांबले. घड्याळ चालू होतं. ताईने आवंढा गिळला, तोही ऐकू आला. शब्द आला नाही. शब्दाची सुरुवात आली नाही. ओठ हलल्याचाही आवाज नव्हता, आणि तो असता तर या फोनमधून सुटला नसता. मी बराच वेळ ऐकत राहिले आणि मग मला कळलं. खरखरीच्या आड कुणी नव्हतं. ती नुसतीच खरखर होती, सडलेल्या तारेची. मीच त्यात ताई ऐकत होते.

 तो वेडा साहेब खरं बोलत होता, भाची खरं बोलत होती, ते डॉक्टरसुद्धा खरं बोलत होते. सगळे दीडशहाणे बरोबर, आणि मी दुकानात उभी राहून एका माणसाला रस्त्यावर पुटपुटायला लावून आले होते. मला फोन ठेवून द्यावासा वाटला. ठेवायचं कुठे बोट लावून, हे बघायला मी तो कानावरून काढला आणि समोर धरला.

आता ताईचा चेहरा बघावा लागणार म्हणून मी मन घट्ट केलं. पण पडद्यावर चेहरा नव्हता. तो लहानसा पडदा कशानेतरी गच्च भरला होता, काहीतरी गुलाबीसर, सुरकुतलेलं, वळणावळणाचं. मला आधी कळेचना. मग वर पांढरे केस दिसले आणि खाली, कानातलं घालून घालून ओघळलेलं भोक.

ताईने फोन कानाला लावला होता.

"आई, असा नाही गं," मागून भाची म्हणाली. एक हात पडद्यात आला आणि त्याने फोन फिरवला. छत दिसलं, पंखा दिसला, उशीचा कोपरा दिसला. मग हातावर चापट बसल्याचा चांगला खणखणीत आवाज आला, आणि पडद्यावर परत कान.

"राहू दे तिला!" मी ओरडले. "हात लावू नकोस!"

त्या घरात रोज माणसं येत होती. भाची सांगायची, कोण कोण येऊन गेलं. ते ताईकडे बघत असणार, मान हलवत असणार, आणि ती बोलत नाही म्हणून तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलून, चहा पिऊन जात असणार. आणि मी? मी रोज एकच शब्द बोलत होते. बोल. बोल. जिला ते जमत नाही तिला रोज तेवढंच सांगत होते, आणि ती डाव्या हाताने फोन कानाशी दाबून धरून बसली होती.

पण मी काय बोलणार? बोलायचं काम कायम तिचं होतं. माझ्याकडे जावई नाही, लेक नाही, वरून कुणी धुणं ठिबकवत नाही. माझ्या घरात काही घडत नाही. मी फोन परत कानाला लावला. तिचा श्वास तसाच येत होता, आत, बाहेर, आणि ती हलत नव्हती.

"ताई," मी म्हणाले. माझा आवाज चमत्कारिक आला, तो मी खाकरून नीट केला. "ताई, माझ्या समोरच्या घरात एक माणूस राहतो. बँकेत साहेब होता. एवढा शिष्ट प्राणी तू उभ्या जन्मात पाहिला नसशील. तर काल काय झालं, मी फोन घ्यायला निघाले, आणि हा आपला जिन्यात उभा, शर्टाला इस्त्री करून."

मी श्वास घ्यायला थांबले.

"हं," ताई म्हणाली.

शब्द नव्हता तो. मिटलेल्या ओठांतून, नाकातून आलेला, कागद सरकावा एवढाच आवाज. पण पुढे सांग असं कुणी म्हणतं तेव्हा ते कसं म्हणतं हे मला कळतं. मी खुर्चीत नीट बसले आणि साहेबांची सगळी लाज काढायला सुरुवात केली.